आधी लॉग वाचा, मग गोळी द्या

मंडळी, आज जरा पोटातलं बोलू या. म्हणजे अक्षरशः पोटातलं.

मराठी माणसाच्या पोटात काहीही झालं तरी निदान ठरलेलं असतं: "पित्त झालंय." छातीत जळजळ? पित्त. डोकं दुखतंय? पित्त. रात्री दोन वाजता प्रॉडक्शनचा घोळ निस्तरत उपाशी बसलो आणि पहाटे मळमळलं? पित्तच, दुसरं काय! मग कोकम सरबत, थंड दूध, आल्याचा तुकडा आणि हल्ली या सगळ्याच्या जोडीला ती रिकाम्या पोटी घ्यायची गोळी. आमच्या फ्लोअरवर स्टेपलर मागितला तर शोधाशोध करावी लागते, पण पित्ताची गोळी कुणाच्याही ड्रॉवरमधून निघते. :-)

बऱ्याचदा ते खरंच साधं पित्त असतं आणि दोन दिवसांत विसरायला होतं. पण काही जणांच्या बाबतीत त्यामागे एक जंतू असतो. नाव लांबलचक, हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपण त्याला नुसतं पायलोरी म्हणू. या पायलोरीवर आपल्याकडे जे उपचार होतात त्याबद्दल माझं एक ठाम मत झालंय. ते असं, की आपण जंतू आहे की नाही एवढंच बघतो आणि थांबतो. तो कुठल्या औषधाने मरेल हे त्याला कुणी विचारतच नाही. विचारायची सोय आज आहे, आणि ती आपल्या शहरांत रोजच्या वापरात यायला हवी.

आता हे सविस्तर. चहा घेऊन बसा.

आधी थोडा इतिहास, कारण तो फार मजेदार आहे. जठरातल्या तीव्र आम्लात कुठला जंतू टिकूच शकत नाही, अशी बरीच वर्षं वैद्यकाची समजूत होती. अल्सर होतो तो ताणामुळे, तिखटामुळे, आम्लामुळे. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांना मात्र रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांत मळसूत्रासारखे वळलेले जंतू सारखे दिसत होते. ते प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसला. १९८२ मध्ये ईस्टरची सुट्टी लागून आली आणि डिश नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या. सुट्टीनंतर बघतात तर जंतू वाढलेले! लाँग वीकेंडमुळे लागलेला असा दुसरा शोध निदान मला तरी आठवत नाही. तरीही कुणी विश्वास ठेवेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शलसाहेब चक्क जंतूंचं मिश्रण प्यायले. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू, आणि तपासणीत जठराला सूज. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं होतं.

हा जंतू आम्लात टिकतो कसा? त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं. त्याने तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल सौम्य करून घेतो. स्वतःचा एसी बरोबर घेऊन फिरणारा प्राणी म्हणा ना. याच विकरावर आपल्या नेहमीच्या टेस्ट बेतलेल्या आहेत. एंडोस्कोपी करताना जठराचा कणभर तुकडा काढून युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतू असेल तर जेल गुलाबी होतं. श्वासाच्या टेस्टमध्ये वेगळ्या कार्बनची खूण असलेला युरिया पोटात घ्यायचा आणि तो कार्बन उच्छ्वासात येतो का ते बघायचं. दोन्ही टेस्ट हुशार आहेत, उपयोगी आहेत. पण दोन्ही फक्त हो किंवा नाही सांगतात. बूलियन!

आणि उपचाराला बूलियन पुरत नाही.

आपल्याकडे मेडिकलमध्ये पायलोरीसाठी तयार किट मिळतं. एका दिवसाच्या सगळ्या गोळ्या एका पट्टीत. साधारणपणे आम्ल कमी करणारी एक गोळी आणि दोन अँटिबायोटिक्स. त्यातलं एक बहुतेक वेळा क्लॅरिथ्रोमायसिन आणि दुसरं अमॉक्सिसिलिन किंवा टिनिडॅझोलसारखं काहीतरी. सोयीचं आहे, गोळ्या चुकत नाहीत, सगळं मान्य. ही योजना जेव्हा आली तेव्हा ती छान चालायचीही. आता अडचण अशी, की क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे पायलोरी जगभर वाढलेत. म्हणून उपचारांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये एक सीमारेषा आखलेली आहे. एखाद्या भागात असे जंतू १५ टक्क्यांच्या वर असतील, तर हे औषध टेस्ट केल्याशिवाय वापरू नका. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२४ मध्ये आणखी स्पष्ट सांगितलं: जंतू या औषधाला दाद देतो हे सिद्ध झालं असेल तरच क्लॅरिथ्रोमायसिन, एरवी नाही.

भारतात परिस्थिती काय? २००३ मध्ये आपल्या अनेक शहरांतल्या नमुन्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जंतू पाऊणहून जास्त होते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे ४० टक्क्यांहून जास्त. म्हणजे सीमारेषा १५ ची आणि आपण तेव्हाच तिच्या कितीतरी पुढे! त्यानंतर आपण अँटिबायोटिक्स काही कमी खाल्ली नाहीत.

हे झालं कसं, ते सांगायला डॉक्टर असण्याची गरज नाही. घसा खवखवला की मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी. जुलाब झाले की ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी. पट्टीवर लाल उभी रेघ असते, तिचा अर्थ चिठ्ठीशिवाय घेऊ नये असा. २०१६ मध्ये सरकारने त्याची मोहीमही काढली होती. पण त्या रेघेकडे बघतो कोण? कोविडमध्ये तर अ‍ॅझिथ्रोमायसिन शेंगदाण्यासारखं खाल्लं गेलं. पुढे २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की कोविडवर त्याचा उपयोग नव्हता. आता गंमत बघा. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही सख्खी भावंडं. दोघं जंतूच्या एकाच जागी जाऊन चिकटतात. घशासाठी घेतलेली गोळी पोटातून जाताना तिथल्या पायलोरीलाही भेटते. कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे आपण नुसतं म्हणीत ऐकलेलं. इथे पखालीला दिलेलं औषध रेड्याच्या मुळावर येतंय.

आता तो 'चिवटपणा' नेमका काय असतो ते पाहू. हा भाग आपल्या जमातीला आवडेल.

पायलोरीचा पूर्ण जनुकसंच १९९७ मध्येच वाचून झालाय. सुमारे १६ लाख ७० हजार अक्षरं. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवलं तर पावणेदोन एमबीसुद्धा होत नाही. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याहून जड असतो. या फाइलमध्ये प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे रायबोसोमचा, एक भाग लिहिलेला आहे. क्लॅरिथ्रोमायसिन तिथे जाऊन अडकतं आणि जंतूचा कारखाना बंद पाडतं. त्या भागातलं २१४२ किंवा २१४३ क्रमांकाचं एक अक्षर बदललं, बहुतेक वेळा 'ए'चं 'जी' झालं, की औषध तिथे धड चिकटत नाही. खेळ खलास! अख्ख्या फाइलमध्ये एका अक्षराचा डिफ, आणि तुमचे सात किंवा चौदा दिवस, तोंडातली ती कडू-धातूसारखी चव, पोटाची गडबड, सगळं वाया.

हे एक अक्षर वाचता येतं. पूर्वी जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यावर औषधं लावून बघावी लागत. पायलोरी मोठा नखरेबाज, त्याला कमी ऑक्सिजन लागतो, वाढायला आठवडाभर किंवा त्याहून जास्त घेतो आणि कधी कधी वाढतच नाही. त्यामुळे ही टेस्ट फारशी कुणी करत नसे. पीसीआरने हे सोपं केलं. नमुन्यातला नेमका हवा तेवढाच तुकडा दुप्पट, चौपट, आठपट करत जायचा. अशा ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात. मग त्याला एक जुळणारा चकाकता तुकडा चिकटवायचा आणि हळूहळू तापवायचं. अक्षरं तंतोतंत जुळत असतील तर तो जास्त तापमानाला सुटतो, एक अक्षर चुकत असेल तर आधीच सुटतो. झालं! काही तासांत उत्तर. जंतू आहे का, आणि क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देईल का, दोन्ही एकदम. लिव्होफ्लॉक्सासिनसाठीही असंच दुसऱ्या एका जनुकातल्या ठरावीक जागा बघून बऱ्यापैकी सांगता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यासाठी पुन्हा एंडोस्कोपी लागत नाही. गुलाबी झालेल्या जेलमधला तोच तुकडा पीसीआरला चालतो. पॅथॉलॉजीकडे मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावरही ते करता येतं. शौचाच्या नमुन्यावरूनही करायच्या पद्धती आहेत. म्हणजे नमुना आपण आधीच काढलेला आहे. आपण फक्त अर्धाच प्रश्न विचारून तो कचऱ्यात टाकतो.

माझ्या टीममधल्या एकाचं उदाहरण देतो. (नाव नको, लग्नाचं बघतायत त्याचं.) एंडोस्कोपी झाली, जेल गुलाबी झालं, सात दिवसांचं किट मिळालं. पठ्ठ्याने इमानदारीत संपवलं. तीन महिन्यांनी पुन्हा तेच दुखणं. दुसरे डॉक्टर, दुसऱ्या कंपनीचं किट. आतली औषधं बघितली तर क्लॅरिथ्रोमायसिन तेच! मधे जंतू गेला की नाही याची एकही तपासणी नाही. तिसऱ्या ठिकाणी एक बाई भेटल्या. त्यांनी आधी शांतपणे विचारलं की गेल्या काही वर्षांत कुठली कुठली अँटिबायोटिक्स घेतलीस? जुन्या चिठ्ठ्या मागवल्या, औषधं पूर्ण बदलली, चौदा दिवस दिली, आणि संपल्यावर महिन्याभराने श्वासाची टेस्ट करायला लावली. निगेटिव्ह. पोरगा आता मिसळ खातो.

तुम्ही म्हणाल, मग पीसीआरवाचूनच झालं की काम! झालं खरं. पण नीट बघा, त्याची टेस्ट झालीच. दोन फसलेले कोर्स हीच त्याची टेस्ट. फक्त ती सहा महिने चालली, दोनदा अँटिबायोटिक्स फुकट गेली, आणि उरलेला जंतू प्रत्येक वेळी आणखी शहाणा झाला असण्याची शक्यता होती. सर्व्हिस पडली की लॉग न बघता रीस्टार्ट मारणारा ज्युनिअर आपण सगळ्यांनी पाहिलाय. दोनदा मारून झाल्यावर तिसऱ्यांदा मारायला लागला की आपण त्याचा कीबोर्ड काढून घेतो. औषधाच्या बाबतीत मात्र आपण त्याच ज्युनिअरला फी देतो.

आता विरोधी मुद्दे. ते खोटे नाहीत, म्हणून टाळत नाही.

पहिला मुद्दा: टेस्ट न करताही चांगला उपचार आहे. बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि आम्ल कमी करणारी गोळी, अशी चार औषधं चौदा दिवस. मेट्रोनिडॅझोलला जंतू प्रयोगशाळेत दाद देत नसला तरी पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस दिलं तर ही योजना बऱ्याचदा यशस्वी होते. अमेरिकेच्या २०२४ च्या शिफारशीतही पहिला क्रमांक तिचाच आहे. तैवानमध्ये २०१८ मध्ये वारंवार उपचार फसलेल्या रुग्णांवर एक चाचणी झाली. एका गटाला जनुकं तपासून औषधं दिली, दुसऱ्याला आधी घेतलेल्या औषधांचा इतिहास बघून. निकालात ठळक फरक पडला नाही. म्हणजे आमच्या मित्राच्या तिसऱ्या डॉक्टर बाई अगदी योग्य वाटेने गेल्या होत्या.

पण ही वाट आपल्याकडे किती जणांसाठी खुली आहे? लहानपणापासून कुठली अँटिबायोटिक्स घेतली हे तुम्हाला आठवतंय? 'ती पांढरी लांबट गोळी' यापलीकडे आपली मजल जात नाही. चिठ्ठ्या हरवलेल्या, निम्मी औषधं चिठ्ठीविना घेतलेली. ज्याचा इतिहासच नोंदलेला नाही त्याला इतिहास बघून उपचार कसे देणार? शिवाय दिवसाला डझनभर गोळ्यांची ती योजना चौदा दिवस ऑफिस सांभाळून पूर्ण करणं खायचं काम नाही. ज्याचा जंतू साध्या औषधाला दाद देतो त्याला एवढं कशाला सोसायला लावायचं?

दुसरा मुद्दा: पीसीआर सर्वज्ञ नाही. बरोबर. मेट्रोनिडॅझोलच्या बाबतीत जनुकांतले बदल इतके पसरलेले असतात की एखाद्या जागेवरून खात्रीने सांगता येत नाही. एकाच पोटात दोन प्रकारचे जंतू असू शकतात, म्हणून तुकडे जठराच्या दोन जागांतून घेतलेले बरे. आणि पीसीआरला मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा सापडतो, त्यामुळे उपचारानंतर लगेच ही टेस्ट करून घाबरायचं कारण नाही. सगळं मान्य. युनिट टेस्टही सगळे बग पकडत नाहीत, म्हणून आपण त्या लिहायच्या सोडतो का?

तिसरा मुद्दा खर्चाचा: आपल्या देशाला हे परवडेल का? यावर माझं उत्तर एका वाक्यात, टीबीकडे बघा. टीबीच्या जंतूतलं एक जनुक तपासून रिफाम्पिसिन चालेल की नाही हे काही तासांत सांगणारी मशीन्स आपल्या सरकारी कार्यक्रमात आहेत आणि रुग्णाला ती तपासणी मोफत मिळते. त्यातलं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं मशीन तर गोव्याच्या मॉलबायो कंपनीचं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. कोविडनंतर पीसीआर हा शब्द आजीलासुद्धा पाठ झालाय, आणि ती यंत्रं, ती माणसं आपल्या शहरांतल्या लॅबमध्ये आजही आहेत. टीबीत 'आधी तपासा, मग औषध ठरवा' हे आपण गरिबातल्या गरीब माणसासाठी मान्य केलं. मग हिंजवडी-ऐरोलीतल्या पैसे मोजणाऱ्या पेशंटच्या पोटासाठी ते अशक्य कसं?

उलट खर्च दुसरीकडेच होतोय. आपल्या वार्षिक हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये कधी कधी पायलोरीची रक्तातली अँटिबॉडी टेस्ट घातलेली असते. जंतू जाऊन बराच काळ लोटला तरी ती पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणजे आज पोटात काय आहे हे ती सांगत नाही. तरी रिपोर्टवर लाल अक्षर दिसलं की माणूस हादरतो. तिच्या भरवशावर उपचार सुरू करणं म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच्या लॉगवरून आजचा बग शोधणं.

आणि एक मुद्दा व्यक्तीपलीकडचा आहे. मला तो सगळ्यात मोठा वाटतो. ती १५ टक्क्यांची सीमारेषा वापरायची तर आपल्या शहराचा आकडा माहीत हवा. तो कळणार कधी? जेव्हा टेस्ट होतील आणि त्यांचे निकाल नावं काढून एकत्र केले जातील तेव्हा. प्रत्येक पेशंटची पीसीआर करणं आज जमणार नसेल, तर निदान मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांनी आणि मोठ्या लॅबनी आपल्याकडे येणाऱ्या तुकड्यांपैकी काहींची ही तपासणी नियमित करावी आणि दर वर्षी शहराचा आकडा जाहीर करावा. मग गल्लीतल्या डॉक्टरांनाही टेस्ट न करता योग्य औषध निवडता येईल. चार जणांची टेस्ट, चारशे जणांचा फायदा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या पायलोरीला धोकादायक जंतूंच्या यादीत वरच्या गटात ठेवलं होतं. २०२४ च्या नव्या यादीत तो नाही. काहींना वाटेल, चला, प्रश्न मिटला. यादीतून नाव गेलं म्हणून पोटातून जंतू जात नाही, एवढंच मी म्हणेन.

आता हे वाचून उद्या सकाळी लॅबसमोर रांग लावू नका. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही. भारतात संसर्ग भरपूर असूनही जठराचा कर्करोग त्या मानाने कमी दिसतो, मिझोरामसारखे अपवाद सोडून. कुणाची तपासणी करायची, कुणावर उपचार करायचे हे डॉक्टरच ठरवतील. वजन उतरतंय, शौचाला काळं होतंय, गिळताना अडकतंय असं काही असेल तर मात्र ड्रॉवरमधली गोळी बंद आणि डॉक्टरांकडे लगेच.

पण उपचार घ्यायची वेळ आलीच, तर हे चार प्रश्न नम्रपणे विचारा:

१. टेस्टआधी पित्ताची गोळी किती दिवस बंद ठेवू? (साधारण दोन आठवडे. अँटिबायोटिक्स आणि बिस्मथ चार आठवडे. नाहीतर जंतू असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते.)

२. काढलेल्या तुकड्यावर औषधांना दाद देतो का हे बघायची पीसीआर होईल का?

३. ती होणार नसेल, तर क्लॅरिथ्रोमायसिन सोडून दुसरी योजना देता येईल का? मी आधी घेतलेली औषधं ही अशी अशी.

४. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी जंतू गेला का, याची तपासणी कधी करायची?

चौथा प्रश्न सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक आहे. डिप्लॉय केल्यावर एकदा चालवून बघणं याला आपण कामाचा भाग मानतो, मेहरबानी मानत नाही.

चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. उलट "बरं झालं विचारलंत" म्हणतात. आणि चार पेशंटांनी विचारलं की लॅब टेस्ट ठेवायला लागते, चाळिसांनी विचारलं की किंमत उतरते. ही मागणी सरकार येऊन करणार नाही, आपल्यालाच करावी लागेल.

असो. बरंच लांबलं. चहा गार झाला असेल तर परत गरम करून घ्या. रिकाम्या पोटी मात्र नको, उगाच पित्त व्हायचं!